विहीणबाईंचा ओटीपी माझ्या फोनवर

जयनगर, बेंगळूर
श्रावणातला शेवटचा शुक्रवार

चि. विलास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे. पोस्टाने येताहेत, म्हणजे पोचायला वेळ लागेल. पण ते उघडायला तुला सहा आकडी नंबर टाकावा लागणार नाही, एवढी सोय मी पाहिली आहे. तुझी कंबर कशी आहे? वीणाचा हात खांद्याच्या वर जातो का आता? तिला म्हणावं, तिकडच्या डॉक्टरांचा पट्टा घालच, पण रात्री थोडं तिळाचं तेलही चोळ, दोहोंपैकी एकाचा तरी गुण येईल. सोनमला वेगळा आशीर्वाद आणि गालगुच्चा. मी ठीक आहे. साखर होती तेवढीच आहे, गुडघे होते तसे राहिलेले नाहीत. अद्वैत आणि श्वेता बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर सुखात आहेत. (म्हणजे असावेत. पोटच्या पोराची खुशाली मलाही तुझ्यासारखीच फोनवर कळते.)

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. विहीणबाईंना विमानात बसवून आले त्याच संध्याकाळी तू फोन करून विचारलंस, कशी झाली ट्रिप, आणि मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार? तू फोन स्पीकरवर ठेवतोस, मागे वीणा भांडी लावत असते, तू स्वतः गाडीच्या चाव्या शोधत असतोस, आणि मी जरा मनातलं बोलायला लागले की तुला माझा आवाज तुटक यायला लागतो. कागदावर आवाज तुटत नाही. शिवाय बोम्मसंद्र्याच्या फॅक्टरीत सगळा जन्म स्टोअर्स सांभाळण्यात गेला. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही, हे मला तिथे रोज दिसायचं. म्हणून सगळं लिहून कळवते. चहा घेऊन बस.

तू देश सोडल्यापासून देश फार सुधारला असं तुझं मत आहे, आणि त्यात तुला स्वतःला काही खटकत नाही. रोज सकाळी तुझे व्हिडिओ येतात. भाजीवालीच्या टोपलीला स्कॅनचा कागद, नंदीबैलाच्या कपाळाला स्कॅनचा कागद, देवळाच्या दानपेटीवर स्कॅनचा कागद. हे सगळं मी इथे दारात उभी राहून बघते आणि तू ते हॉलंडातून, आइंडहोवनहून मला पाठवतोस. तेच व्हिडिओ तू विहीणबाईंना, म्हणजे मरैकेबाईंनाही दाखवलेस आणि वर सांगितलंस, की आमच्याकडे आता पैसे कुणी बाळगतच नाही, हातात फोन असला की झालं, तुम्ही नुसत्या जा. बाई जन्मभर इस्पितळात नर्स होत्या. सांगितलेलं तंतोतंत करायची सवय. त्या नुसत्या आल्या.

त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. ती तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते. नाताळच्या सुट्टीत तुझ्या सोनमचं त्यांच्या मुलाशी लग्न. मीच त्यांना कळवलं होतं, की आमच्याकडे सासू होणाऱ्या सुनेला साडी घेते आणि ती साडी नेसून मुलगी त्या घरची होते. हे त्यांना इतकं आवडलं, की येण्याआधी त्यांनी मला दोनदा लिहिलं: हंपी राहिली तरी चालेल, म्हैसूर राहिलं तरी चालेल, पण सोनमची साडी मी स्वतः निवडणार आणि स्वतःच्या पैशांनी घेणार. तेवढ्यासाठी बाई नवऱ्याला बागेतल्या टोमॅटोंपाशी ठेवून एकट्या निघाल्या. (हंपी राहिली आणि म्हैसूरही राहिलं. गाडीचं तिकीट काढताना ओटीपी आला तेव्हा मी अंघोळीला बसले होते. अंगावर पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत त्याची मुदत संपली आणि सीटही गेली.)

पण मी पुढे पळाले. आधी विमानतळ. मी गजरा घेऊन उभी होते. गळाभेट झाली, गजरा माळून झाला, आणि लगेच फोनचं कार्ड घ्यायला गेलो, कारण तिथल्या फुकटच्या इंटरनेटलासुद्धा इथला नंबर हवा म्हणत होते. दुकानातल्या माणसाने पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला, फोटो काढला, डोळे मिटून उघडायला लावले, आणि मग अगदी नम्रपणे विचारलं, मॅडम, तुमचा इथला नंबर सांगा. नंबर घ्यायला आलेल्या बाईकडे आपण नंबर मागतो आहोत याचं त्याला काही वाटलं नाही. रोज तेच करत असणार. शेवटी माझा नंबर दिला. त्या क्षणापासून, आमच्या स्टोअर्सच्या भाषेत सांगायचं तर, विहीणबाई माझ्या नावावर जमा झाल्या. नवं कार्ड संध्याकाळपर्यंत सुरू होईल असं त्याने सांगितलं. कोणत्या संध्याकाळी ते सांगितलं नाही. (ते सुरू झालं, त्या निघायच्या आदल्या संध्याकाळी.) तोवर त्यांनी कुठलंही ॲप उघडलं की ओटीपी माझ्या फोनवर. कुकरची शिट्टी होतेय, ओटीपी. मी पूजेला बसलेय, ओटीपी. कुणाला फोन लावावा तर आधी ती रेकॉर्डवरची बाई बजावते, की आपला ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि मी दिवसभर स्वयंपाकघरातून ओरडून फोर सेव्हन वन सांगत होते. वरच्या मजल्यावरच्या धनलक्ष्मीला ते सगळे पाठ झाले असतील.

आता एक चूक माझी आहे, ती लपवत नाही. दुकानातल्या माणसाने विहीणबाईंच्या फोनमधलं हॉलंडचं जुनं कार्ड काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. चिंचोक्याएवढं ते. त्या म्हणाल्या, माझ्याकडून हरवेल, तुम्ही नीट ठेवा. विलास, आपल्या घरात नीट ठेवायची जागा कुठली हे तुला सांगायला नको. लॉकरची किल्ली तिथे, आईची नथ तिथे, गॅसचं कार्ड तिथे. मी ते कागदात गुंडाळलं आणि देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी श्रावणातला शुक्रवार, जिवतीची पूजा, फुलांचा ढीग. शनिवारी सकाळी ओंजळी भरून निर्माल्य उचललं आणि नेहमीसारखं कढीपत्त्याच्या झाडाखालच्या खताच्या पिंपात टाकलं. दुपारी लक्षात आलं. मग आम्ही दोघी पिंप अंगणात ओतून बसलो. विहीणबाईंनी रबरी हातमोजे घातले आणि मी पिठाची चाळण घेतली. दोन सुपाऱ्या निघाल्या, एक रुपया निघाला. धनलक्ष्मी गॅलरीतून विचारतेय, एनु हुडुकताइदीरा अक्का, काय शोधताय. आता तिला काय सांगू, की हॉलंडची बँक शोधतोय?

कारण ती बँकच होती, हे तोवर कळलं होतं. त्याच सकाळी बाईंनी टॅक्सीच्या ॲपमध्ये आपलं बँकेचं कार्ड घातलं होतं. तिकडच्या बँकेला शंका आली, बेंगळुरात आपलं कार्ड कोण वापरतंय. बँकेने त्यांच्या जुन्या नंबरावर विचारलं, तुम्हीच ना? नंबर झेंडूच्या फुलांखाली. उत्तर गेलं नाही, म्हणून बँकेने कार्ड बंद केलं. मग बाई तासभर बँकेशी बोलल्या. बँकेने आईचं माहेरचं नाव विचारलं, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव विचारलं, सगळं बरोबर निघालं, आणि शेवटी बँक म्हणाली, आता फक्त तुमच्या जुन्या नंबरावर एक कोड पाठवतो तो सांगा. नवं कार्ड मिळेल, पण ते तिकडच्या घरी, पोस्टाने. जवळच्या थोड्या युरोंचे रुपये करून घेतले होते, ते किरकोळीत संपले. नवऱ्याने तिकडून पैसे पाठवायचे म्हटले तर कुणाच्या खात्यावर? माझ्याच. जन्मभर स्वतः कमावलेली बाई, स्वतःचं घर, स्वतःची बाग, आणि इथे कॉफी प्यायची तरी माझ्या तोंडाकडे बघायचं.

खरं सांगू का, पहिले दोन दिवस मला बरंच वाटलं. वरमाई आहेत, त्यांना पर्सला हात लावू द्यायचा नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, आणि इथे हात लावला तरी उपयोग नव्हता. मानपान आपोआप होत होता. नंतर बघितलं, तर बाई कॉफी नको म्हणायला लागल्या. शहाळं नको, चाफ्याची फुलं नको. मोठ्या पिशव्यांच्या दुकानापुढे थांबायच्या आणि मी पर्स उघडली की पुढे चालायला लागायच्या. एकदा मला म्हणाल्या, शालन, मला माझ्या पेशंटांची आठवण येते, त्यांना पाणी प्यायचं असलं तरी बेल दाबावी लागायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुला मी त्या दिवशी फोन केला होता. तू म्हणालास, अगं मग तू भर ना, त्यात काय एवढं.

रिक्षाचं ऐक. बाजारातून निघालो तर समोर मंजुनाथ रिक्षा लावून बसलेला. मंजुनाथ म्हणजे माझा नेहमीचा, मी त्याच्याच रिक्षातून बँकेत जाते, त्याच्या मुलीच्या नामकरणाला जेवून आले आहे. रिक्षा रिकामी, मंजुनाथ रिकामा. मी चढायला गेले तर तोच ओशाळून म्हणतो, अक्का, आपल्ली बुक माडि, ॲपमधून बुक करा, आता ॲपवर आहे मी. मी त्याच्या पुढ्यात उभी राहून बुक केलं. ॲपने बनशंकरीहून दुसरी रिक्षा पाठवली. ती येईपर्यंत आम्ही तिघं तिथेच, मंजुनाथ आत, आम्ही फुटपाथवर, एकमेकांकडे बघू नये म्हणून रस्त्याकडे बघतोय. विहीणबाईंनी मला हळूच विचारलं, तुमचं भांडण झालंय का. मी म्हटलं, नाही, स्वल्प सुधारणा झाली आहे.

आणि अद्वैतच्या घरी जे झालं ते तर तुला कुणीच सांगितलं नसणार. त्याने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या, डबा भरला, बाईंना माझी पैठणी नेसवली. गेटवर सिक्युरिटीवाला हातात मशीन घेऊन उभा. कोणता फ्लॅट विचारलं, आमचे फोटो काढले, आणि अद्वैतच्या फोनवर निरोप गेला, की कुणीतरी आलंय, सोडू का. अद्वैत मीटिंगमध्ये. मग श्वेताला पाठवला. श्वेता दुसऱ्या मीटिंगमध्ये. एकाच घरात, दोन खोल्यांत. सिक्युरिटीवाला दर थोड्या वेळाने मशीन बघायचा आणि म्हणायचा, अप्रूवल बंदिल्ला अम्मा, परवानगी आली नाही. मी म्हटलं, अरे मी आई आहे त्याची. तो म्हणाला, अम्मा, मशीनमध्ये आई नाहीये. खरंच नव्हती. गेस्ट होतं, कॅब होतं, कामवाली होतं, डिलिव्हरी होतं. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. पैठणी नेसलेली वरमाई दुपारच्या उन्हात बसून विचारतेय, इथे सैन्य राहतं का. शेवटी त्या बिचाऱ्यालाच आमची दया आली. माझ्या हातातला डबा बघून त्याने डिलिव्हरी दाबलं. त्याला परवानगी लागत नाही म्हणे. पण डिलिव्हरीला पुढची लिफ्ट नाही, मागची, कचऱ्याच्या डब्यांची. व्याही घरी आले की भाकरतुकडा ओवाळून, पायांवर पाणी घालून आत घ्यायचं, आणि आपल्या घराने विहिणीला पार्सल म्हणून वर घेतलं. अद्वैतने दार उघडलं, नजर फोनमध्ये, आणि म्हणाला, आई, तू काही मागवलंयस का? डिलिव्हरी आलीय म्हणून दाखवतंय.

(पोराला रागावू नकोस. जेवण चांगलं झालं. वाढलं त्याने स्वतः.)

आता साडी. बाजारात ज्या दुकानातून मी माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची साडी घेतली तिथे गेलो. आता तिथे मालकाचा मुलगा प्राणेश बसतो. गादी तीच आहे. बाईंनी दुपार घालवली. माझी बहीण असती तरी एवढं बघितलं नसतं. पदर हातावर घेऊन उजेडात न्यायच्या, डोळे मिटून काठावरून बोट फिरवायच्या. सोनमचा फोटो फोनवर काढून प्रत्येक साडीशेजारी धरायच्या. शेवटी मोतिया रंगाची, डाळिंबी काठाची निवडली. प्राणेशने कितीतरी भारी दाखवल्या, पण त्या हलल्या नाहीत. मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं, की त्यांना ती सोनमच्या अंगावर दिसतेय. मग पैशांची वेळ आली. बंद पडलेलं कार्ड त्यांनी तरीही काढून दिलं. प्राणेशने मशीनमध्ये घातलं, परत काढलं, पुसलं, परत घातलं. दुसऱ्या मशीनमध्ये घातलं. मग सहज म्हणाला, परवा इल्ला, चालतंय हो, अक्का करतील ना स्कॅन. त्याचं काही चुकलं नाही. मीही पर्समधून फोन काढला. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "शालन, तुम्ही पैसे दिलेत तर ही आत्याची साडी झाली. मग सासूने काय दिलं?"

विलास, हा नियम मीच त्यांना शिकवला होता, आणि आपल्यातल्या कुणापेक्षा त्यांना तो नीट कळला होता. मी बाहेर जाऊन तुला फोन केला, तेव्हा तू ऑफिसात होतास. तू म्हणालास, ताई, ड्रामा कशाला, तू आत्ता पे कर, आपण नंतर ॲडजस्ट करू. मी साडी बाजूला ठेवायला सांगितली आणि आम्ही घरी आलो. बाईंनी सोनमचा फोटो पुन्हा काढून बघितला आणि फोन उलटा ठेवला.

मला युक्ती सुचली ती दुसऱ्या दिवशी, तांदूळ निवडताना. मुलीकडच्यांनी विहिणीला मानाची साडी द्यायची असते की नाही? मग मी तीच साडी घ्यायची, माझ्या पेन्शनमधून, आणि विहिणीला मान म्हणून द्यायची. मान हातात पडला की ती वस्तू तिची. नेसो, ठेवो, जिला द्यायची तिला देवो, विचारणारे आपण कोण? मी एकटी दुकानात जाऊन साडी आणली. घरी पाट मांडला, रांगोळी काढली, धनलक्ष्मीला बोलावलं. बाईंना हळद-कुंकू लावलं, नारळ आणि तांदळाने ओटी भरली आणि साडी हातात दिली. सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, आता ही पूर्ण माझी? मी म्हटलं, पूर्ण तुमची. मी ही कुणालाही देऊ शकते? कुणालाही. तेव्हा त्या हसल्या, आल्यापासून पहिल्यांदा तशा हसल्या, आणि मला घट्ट मिठी मारली. माझ्या खांद्यावर कुंकू उमटलं. धनलक्ष्मी रडली, पण ती मालिका बघतानाही रडते. बाईंनी साडी स्वतः घडी करून, मधे माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा घालून, बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

तेव्हा मरैकेबाईंची ट्रिप छान झाली असं जे मी फोनवर म्हटलं, ते अगदीच खोटं नाही. त्यांना पुन्हा यायचं असेल तर माझं घर त्यांचं आहे, एवढं सांग. बाकी तुझा देश तुला लखलाभ. वीणाला आशीर्वाद, खांद्याची काळजी घ्यायला सांग, आणि तूही कंबरेला जप. जड काही उचलू नकोस.

तुझी,
शालनताई

ता. क. साडी बॅगेत ठेवली असं वर लिहिलं आहे. ती बॅगेतून पुन्हा बाहेर आली, ते लिहायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, हात होत नव्हता. मी आनंदाच्या भरात ओटीचा फोटो तुला पाठवला, तू किंमत विचारलीस, मी सांगितली. आमच्या कॉफ्या संपायच्या आत माझ्या फोनवर तुझे पैसे येऊन पडले. तेवढ्यावर तू थांबला असतास तर मी गुपचूप गिळलं असतं. पण तू त्या पावतीचा फोटो लग्नाच्या ग्रुपवर टाकलास, आणि तिकडच्यांना कळावं म्हणून खाली इंग्रजीत लिहिलंस, की साडीचे पैसे आमच्याकडून दिले आहेत, सगळं सेटल झालं, कुणी काळजी करू नये. बाई माझ्यासमोरच बसल्या होत्या, घरच्या इंटरनेटवर. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठल्या, बॅग उघडली आणि साडी काढून माझ्या कॉटवर ठेवली. मी खूप सांगितलं. माझं इंग्रजी फॅक्टरीतलं, त्यात मालाचं सगळं सांगता येतं, हे सांगता येत नाही. त्या अजिबात रागावल्या नव्हत्या. रात्रपाळीची नर्स पेशंटच्या माणसांना समजावते तशा शांतपणे म्हणाल्या, "ही विलासने घेतली आहे, शालन. मुलीला तिच्या वडिलांनीच द्यावी. मी रिकाम्या हातांनी जाईन, पण खोटी सासू होणार नाही." त्या तिकडे तुला यातलं काही सांगणार नाहीत. त्यांच्यात तसं सांगत नसतील. म्हणून मी सांगते.

ता. क. दुसरा. तुझे पैसे मी आज सकाळी परत पाठवले आहेत, बघून घे. खरं काम आता सांगते. साडी माझ्या कपाटात आहे, ओटीतल्या तांदळाचे दाणे अजून घडीत आहेत, ते मी झटकले नाहीत. ती माझ्या पैशांची आहे, मान म्हणून दिलेली आहे, आणि त्यात तुझी एक पै नाही. हे बाईंना तू सांगायचं आहेस, त्यांच्यासमोर बसून, तुझ्या तोंडाने, आणि साडी तुझ्या हाताने त्यांच्या हातात द्यायची आहे. मग त्या ती सोनमला देतील. कुरियरचं नाव काढलंस तर मी ती धनलक्ष्मीच्या सुनेला देऊन टाकीन. भाऊबीज लग्नाच्या आधी येते. तू गेल्यापासून माझी ओवाळणी फोनवर पडते आणि मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ओवाळते. गेल्या वर्षी निरांजनाने फोन तापून बंद पडला. ओवाळणं अर्ध्यात सोडत नाहीत, म्हणून मी त्या काळ्या काचेला पूर्ण ओवाळलं, तांदूळ टाकले, आणि मग जेवायला बसले. तुला वाटलं नेटवर्क गेलं. यंदा पैसे पाठवू नकोस. ये. कधी निघतोस ते कळवायला फोन करू नकोस, पोचल्यावरही करू नकोस. दाराला बेल आहे, ती वाजव.